घराचा बंदोबस्त

१२ फेब्रुवारी, सोमवार

मेव्हणा म्हणाला, आता जे काही होईल ते लेखी ठेवा, पुढे कुणी विचारलं तर हाताशी असलेलं बरं. म्हणून ही वही. मेव्हणा, म्हणजे बायकोचा भाऊ, विम्याचं काम करतो. दुसऱ्याच्या घरात काय काय वाईट होऊ शकतं ते त्याला आधी दिसतं, आणि ते तो चहा घेता घेता सांगतो.

परिस्थिती अशी. बाबा, वय एक्क्याऐंशी, धंदा शिंपीकाम. बावीस दिवसांपूर्वी दुकानात एका पँटची शिवण उसवताना स्टुलावरून कलंडले. उजवी बाजू गेली. बोलणं आहे, पण शब्द शोधून आणावा लागतो. आज हॉस्पिटलमधून घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, जिवाचा धोका टळला. मी विचारलं, मग आता पुढे काय? म्हणाले, आता सांभाळायचं. किती दिवस? म्हणाले, दिवसांत मोजू नका, हृदय चांगलं आहे, दहा वर्षंसुद्धा काढतील. हे त्यांनी आनंदाची बातमी सांगावी तसं सांगितलं, आणि ती आहेच.

बाबांना वर नेता येत नाही, जिना अरुंद आहे. म्हणून खाली दुकानातच कापड कापायचं टेबल भिंतीला सरकवून पलंग टाकला. माझी धाकटी बहीण त्यांच्याजवळ राहते. तिने लग्न केलं नाही, पोहण्याच्या तलावावर शिकवते, वय सत्तेचाळीस. सध्या बिनपगारी रजेवर आहे. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. त्यामुळे बाबा माझ्याकडे येण्याचा प्रश्न उद्भवला नाही. कुणी तो काढलाच नाही. नाही म्हणायची मी तयारी करून ठेवली होती, ती तशीच राहिली.

१४ फेब्रुवारी, बुधवार

मेव्हणा ऑफिसला जाता जाता आला आणि ऑफिसला गेलाच नाही. त्याच्या ओळखीतल्या एक बाई अकरा वर्षं अंथरुणावर होत्या. आधी दागिने गेले, मग गाडी, मग वरचा मजला, मग खालचा. "त्या गेल्या तेव्हा मुलाकडे काय उरलं होतं माहितीये? चाकांची खुर्ची. आणि तीही भाड्याची."

त्याचं म्हणणं असं, की घर बाबांच्या नावावर आहे तोवर ते बाबांच्या आजारपणात जाणार. आज एक मदतनीस लागेल, उद्या दोन लागतील, परवा कर्ज काढायची वेळ येईल. त्याआधी बक्षीसपत्र करून घर माझ्या नावावर करून घ्यायचं. मग घर सुरक्षित.

"सुरक्षित कुणापासून?" बायकोने आतून विचारलं.

"खर्चापासून," मेव्हणा म्हणाला.

मला हे पटलं. दोघा भावंडांच्या नावावर करायलाही माझी हरकत नव्हती, पण दोन नावं म्हणजे दोन सह्या आणि दोन मतं, आणि धाकटीचं मत कुठल्याही विषयावर माझ्या उलट असतं. त्यामुळे तिचा अर्धा वाटा मी माझ्या मनात सुरक्षित ठेवायचं ठरवलं. मनातला वाटा कुणाला खर्च करता येत नाही.

१७ फेब्रुवारी, शनिवार

मालमत्तेची यादी पूर्ण केली. दुमजली इमारत, खाली दुकान, वर तीन खोल्या. शिलाई मशीन तीन, पैकी चालू दोन. पूर्ण उंचीचा आरसा, एका कोपऱ्यात तडा. आईच्या चार बांगड्या. बँकेतली ठेव. मोठी कात्री. गिऱ्हाइकांचे अर्धवट शिवलेले कपडे अकरा, हे मालमत्तेत धरायचे की देण्यात, यावर अर्धा तास गेला.

बायकोला यादी दाखवली. तिने वाचली आणि म्हणाली, "यात बाबा कितव्या नंबरावर आहेत?"

मी पुन्हा पाहिलं. ते यादीत नव्हते. यादी मालमत्तेची होती, त्यामुळे ते बरोबरच होतं.

२१ फेब्रुवारी, बुधवार

रोज अकरा ते साडेबारा मी बाबांकडे असतो. देखरेख करतो, पेपर वाचून दाखवतो. माझ्या कमरेचं दुखणं जुनं असल्यामुळे उचलाउचल जमत नाही. ती धाकटी करते. तिची पद्धत आहे. एक हात मानेखाली, एक गुडघ्यांखाली, आणि एका दमात कूस बदलते. म्हणाली, "पाण्यात माणूस हलका असतो, इथं जड. बाकी तेच." तिचे डोळे लाल दिसले. क्लोरीनमुळे तिचे डोळे पहिल्यापासून लाल असतात. मात्र तलावावर गेली नाही त्याला महिना झाला.

बक्षीसपत्राचं तिला सांगितलं. बाबांचं अंग पुसता पुसता तिने ऐकून घेतलं.

"दादा, तुला काय करायचं ते कर. मला फक्त दिवसाची एक बाई लावून दे. मला कामावर जायचंय."

"अगं, तेच तर वाचवतोय."

"काय वाचवतोयस?"

"बाईचे पैसे."

तिने टॉवेल पिळला आणि तारेवर टाकला. बाबा डोळे मिटून पडले होते. झोप लागली असावी, कारण एरवी टॉवेल गार लागला की ते कुरकुरतात आणि आज एक शब्द बोलले नाहीत.

घरी येताना एक विचार आला. लेखी ठेवायचं ठरलं आहे म्हणून लिहितो. दहा वर्षांऐवजी दोनच वर्षं धरली, तर सगळंच सोपं होतं. बक्षीसपत्रसुद्धा लागणार नाही. विचार वाईट आहे. पण मी छत्तीस वर्षं गणित शिकवलं, आणि गणितात कमीत कमी किती नि जास्तीत जास्त किती हे काढावंच लागतं. काढलं आणि खोडलं.

२६ फेब्रुवारी, सोमवार

वकीलबाईंकडे गेलो. ऑफिस छोटं, फायली जमिनीवर, बसायला एकच खुर्ची आणि तिच्यावर छत्री. छत्री हातात घेऊन बसलो. सगळं मुद्देसूद सांगितलं. त्या म्हणाल्या, "अशील कोण? तुम्ही की वडील?"

मी म्हणालो, "घरचंच आहे हो, आम्ही काय वेगळे?"

म्हणाल्या, "घर कुणाचं आहे?"

म्हटलं, "बाबांचं."

"मग अशील ते."

त्यांचं म्हणणं, एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस, मेंदूला झटका आलेला, डाव्या हाताचा अंगठा. उद्या कुणीही म्हणेल की फसवून घेतला. त्यामुळे आधी डॉक्टरांचा दाखला हवा, की बाबांची बुद्धी शाबूत आहे, आपण काय करतोय ते त्यांना कळतं. शिवाय मी मुलगा म्हणून लेखी द्यायचं, की बाबा शुद्धीवर आहेत आणि आपले निर्णय आपण घेतात. मी तिथल्या तिथे लिहून दिलं, एक प्रत डॉक्टरांसाठी. अक्षराचं वकीलबाईंनी कौतुक केलं.

२ मार्च, शनिवार

बाबांची परीक्षा नऊ तारखेला. तयारी सुरू केली. मी पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालो, पण त्याआधी एकोणीस वर्षं दहावीचे वर्ग घेतले. आमच्या शाळेत सगळ्यात ढ तुकडी माझ्याकडे द्यायचे, आणि ती पास व्हायची. पद्धत साधी. अपेक्षित प्रश्नसंच काढायचा, उत्तरं ठरवायची, आणि क्रमाने घोटून घ्यायची.

बाबांसाठी वीस प्रश्नांचा संच काढला. पहिला: आपलं नाव काय? दुसरा: आज वार कोणता? तिसरा: मुलं किती? असं करत करत अठरावा: घर कुणाला द्यायचं आहे? (मुलाला.) एकोणिसावा: कुणाचा दबाव आहे का? (नाही.) विसावा शिल्लक ठेवला, वेळेवर काही सुचलं तर.

"हे कशाला?" बाबा म्हणाले.

"दाखल्यासाठी."

"कसला... दाखला?"

"तुम्ही शहाणे आहात असा."

त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "आणि तुला... कुणी दिला?"

बाबा मला हेडमास्तर म्हणतात. मी हेडमास्तर कधीच नव्हतो, हे त्यांना चांगलं माहीत आहे.

५ मार्च, मंगळवार

तयारी चांगली चालली आहे. तीन वेळा सलग एकोणीसपैकी सतरा. अठराव्याला अडतात. तिथे आल्यावर त्यांना शब्द सापडत नाही. आजारामुळे होतं असं.

धाकटीला तलावाकडून पत्र आलं. एक मे रोजी रुजू व्हा, नाहीतर जागा भरू. तिने ते पत्र शिलाई मशीनच्या दट्ट्याखाली दाबून ठेवलं आहे, सुईजवळ. मी म्हणालो, तुला नोकरीची तशी गरज नाही, एकटा जीव, वर राहायला घर आहे.

"दादा, मला पाण्यात जायचंय," ती म्हणाली.

मी म्हणालो, जा की, रविवारी जात जा. रविवारी मी अकरा ते साडेबारा असतोच. यावर ती हसली. तिला हसताना पाहून बरं वाटलं.

९ मार्च, शनिवार

परीक्षा झाली. सविस्तर लिहितो.

डॉक्टर घरी आले. खुर्ची ओढून पलंगाशी बसले. मी पायथ्याशी उभा, सुचवायचं नाही अशी ताकीद घेऊन. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, सकाळी काय खाल्लं? हा माझ्या संचात सातवा. बाबांनी स्वतःचं नाव सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं, मुलं किती? बाबा म्हणाले, शनिवार. डॉक्टरांनी विचारलं, आपण आत्ता कुठे आहोत? बाबा म्हणाले, दोन, एक मुलगा, एक मुलगी.

मला दरदरून घाम फुटला. प्रश्न सगळे माझ्या संचातलेच होते, फक्त क्रम बदलला होता. बोर्डातसुद्धा काही परीक्षक मुद्दाम हा खोडसाळपणा करायचे.

डॉक्टर पेन उचलून काहीतरी लिहिणार तेवढ्यात बाबांनी डावा हात वर केला. "थांबा," म्हणाले. "हे यानं... पाठ करून घेतलंय. तुम्ही... नीट विचारा."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी आरशाकडे पाहिलं, त्यात डॉक्टरच दिसले.

मग ते म्हणाले, बरं, तुम्हीच काहीतरी बोला. बाबांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "कोट... कुणी शिवला?" डॉक्टरांनी दुकानाचं नाव सांगितलं. बाबा म्हणाले, "उजवा खांदा पाऊण इंच खाली. तुमचा. त्यानं बाह्या... सारख्या कापल्या. म्हणून उजवी... पंजावर येते." डॉक्टर उठून आरशासमोर गेले. दोन्ही हात पुढे केले. खरंच येत होती. आकडे बाबांना शोधावे लागत नाहीत, आजारपणातही.

त्यानंतर डॉक्टरांनी वेगळ्याच सुरात विचारलं. घर कुणाचं? माझं. केव्हा बांधलं? सांगितलं. मुलाला दिलंत तर काय होईल?

"त्याचं होईल."

"आणि तुम्ही?"

"त्याच्या घरात... पाहुणा."

"मग द्यायचंय का?"

"ते वकीलबाईंना सांगीन."

हे उत्तर संचात नव्हतं, पण विनोदबुद्धी जागेवर आहे म्हणून डॉक्टरांनी गुण दिले असावेत. दाखला मिळाला. "बुद्धी, स्मृती व निर्णयक्षमता पूर्णपणे शाबूत." पूर्णपणे या शब्दाखाली त्यांनी स्वतःहून रेघ मारली. एकंदरीत घोकंपट्टीचा उपयोग झाला. मी दाखल्याच्या पाच झेरॉक्स काढल्या आणि येताना मेव्हण्याला फोन केला. तो म्हणाला, "निम्मी लढाई जिंकलात."

१८ मार्च, सोमवार

वकीलबाई घरी आल्या. म्हणाल्या, मला बाबांशी एकट्याशी बोलायचंय. मी म्हणालो, त्यांचे शब्द मला कळतात, मी मदत करतो. म्हणाल्या, दाखल्यावर पूर्णपणे शाबूत लिहिलंय ना? मग मदत कशाला?

मी आणि धाकटी वर जाऊन बसलो. पाऊण तास. धाकटी खुर्चीतल्या खुर्चीत झोपली, तोंड उघडं टाकून. लहानपणी पोहून आली की अशीच झोपायची.

खाली बोलावलं. वकीलबाईंनी कागद वाचला. बाबा घर विकणार. शेजारी दाताचा दवाखाना आहे, तिथल्या डॉक्टरीणबाई कधीपासून जागा मागत होत्या, त्यांना. आलेल्या पैशात बाबा केअर सेंटरमध्ये राहणार. धाकटीला त्यातून लहानसं घर भाड्याने घेऊन द्यायचं, तलावाच्या जवळ. एक मेपासून तिने कामावर जायचं. बाबांच्या पश्चात जे काही उरेल ते दोघांना निम्मं निम्मं.

मी विचारलं, "आणि उरलं नाही तर?"

वकीलबाईंनी कागदाची दुसरी बाजू पाहिली. तिथे काही नव्हतं.

धाकटी रडायला लागली. मला वाटलं घरासाठी रडतेय, म्हणून मी तिला म्हणालो, घाबरू नकोस, मी हे होऊ देणार नाही. तर तिने माझा हात झटकला.

२० मार्च, बुधवार

डॉक्टरांकडे गेलो. दाखला रद्द करता येईल का विचारलं. ते म्हणाले, काय झालं, तब्येत बिघडली का? म्हटलं, तब्येत नाही, निर्णयक्षमता.

"कशावरून?"

"घर विकतायत."

"का विकतायत?"

"स्वतःच्या औषधपाण्यासाठी. सांभाळायला माणसं ठेवायला."

डॉक्टर म्हणाले, "मग यात बिघडलं काय?" आणि फाइलमधून माझंच पत्र काढून माझ्यापुढे ठेवलं. बाबा शुद्धीवर आहेत आणि आपले निर्णय आपण घेतात. खाली माझी सही. अक्षर खरोखर सुरेख आहे.

कोट त्यांनी दुसरा घातला होता.

मेव्हण्याला सांगितलं. तो म्हणाला, "मी तुम्हाला घर नावावर करून घ्या म्हटलं होतं, सासऱ्यांना शहाणं करा असं कुठं म्हटलं होतं?" माझे वडील त्याचे सासरे लागत नाहीत, पण चूक काढायला माझ्या अंगात त्राण नव्हतं.

२४ मार्च, रविवार

चार दिवस गेलो नाही. आज गेलो, कारण बायको म्हणाली, "तुम्ही रुसलाय ते त्यांना कळावं म्हणून तरी जा, इथे बसून कसं कळणार?"

बाबांना सरळ विचारलं, "घर का विकता? तुम्ही बांधलंत, विटा स्वतः मोजून घेतल्यात. मी आठ वर्षांचा होतो, मला आठवतंय."

"राहायला बांधलं," बाबा म्हणाले. "आता... राहता येत नाही."

"मी ते वाचवायला बघत होतो."

"हं."

"तुमच्यासाठीच."

त्यांनी डाव्या हाताने चादर वर ओढली. मला राग आला. म्हटलं, लोक म्हणतील, मुलगा असताना बापाला वृद्धाश्रमात टाकलं. बाबा म्हणाले, "तू नाही टाकत. मी... जातोय. तसं सांग." मग बराच वेळ शब्द शोधत राहिले. मी वाट पाहिली. म्हणाले, "ती... थकली रे. तुला दिसत नाही?"

मी म्हणालो, दिसतं. खरं म्हणजे त्या क्षणापर्यंत दिसलं नव्हतं. वळून पाहिलं तर धाकटी मोरीत भांडी घासत होती, भिंतीला डोकं टेकवून, एका हाताने.

२२ एप्रिल, सोमवार

खरेदीखत नोंदवलं. नोंदणी कार्यालय दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट आहे, पण चालवणारा जेवायला गेला होता. धाकटीने बाबांच्या चाकांच्या खुर्चीची मागची बाजू धरली, दाताच्या डॉक्टरीणबाईंनी एक पुढचं चाक धरलं, आणि दुसरं चाक धरायला कुणीच नव्हतं. मी धरलं. छत्तीस पायऱ्या. कंबर दुखली नाही. कुणाला सांगितलं नाही.

अधिकाऱ्याने विचारलं, राजीखुशीने विकताय ना? बाबा म्हणाले, हो. हा शब्द त्यांना शोधावा लागला नाही. अंगठा उमटवल्यावर त्यांनी तो माझ्याकडे धरला, पुसायला. मी रुमाल काढून पुसला. शाई निघाली नाही.

२८ एप्रिल, रविवार

दुकान रिकामं केलं. अकरा गिऱ्हाइकांपैकी नऊ जणांना कपडे परत दिले. दोघांचे फोन लागत नाहीत. सगळे विचारत होते, मास्तर पुन्हा कधी बसणार? मी प्रत्येकाला निराळं उत्तर दिलं. मशीन, आरसा, टेबल गेलं. दुपारी गाडी आली आणि बाबा केअर सेंटरला गेले. खोलीत दोन पलंग, दुसऱ्यावर एक निवृत्त पोस्टमास्तर, ऐकू येत नाही. बाबांनी पडल्या पडल्या त्यांच्या सदऱ्याची कॉलर तपासली. समाधान झालेलं दिसलं नाही.

परतताना रिकाम्या घराला कुलूप लावायला मीच गेलो. मला त्या घराची हाव होती, हे आज लिहून टाकतो. हाव म्हणजे पैशाचीच असं नाही. त्या घरात मी कुणाचा तरी थोरला होतो. किल्ली दवाखान्यात नेऊन दिली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दात दाखवायला केव्हाही या.

४ मे, शनिवार

धाकटीला भेटायला तलावावर गेलो. गॅलरीत बसलो. ती छातीपर्यंत पाण्यात उभी राहून एका जाड्या गृहस्थांना पाठीवर तरंगायला शिकवत होती. एक हात मानेखाली, एक गुडघ्यांखाली. मग दोन्ही हात काढून घेतले. गृहस्थ तरंगले. तिने मला पाहिलं नाही आणि मी हाक मारली नाही.

१२ मे, रविवार

आज केअर सेंटरमध्ये माणसं कमी होती. पोस्टमास्तरांना त्यांची मुलगी जेवायला घेऊन गेली होती. मी पेपर वाचून दाखवत होतो. क्रीडापानावर आलो तेव्हा बाबा म्हणाले, "बेल दाब."

दाबली. कुणी आलं नाही. पुन्हा दाबली. बाहेर जाऊन हाका मारल्या. लांबून कुणीतरी "आले आले" म्हणालं आणि आलं नाही.

"घाई आहे," बाबा म्हणाले.

मी त्यांना म्हणालो, मला जमणार नाही. ते म्हणाले, "जमेल. पलंगाखाली... भांडं." मग एकेक सांगत गेले. डावीकडे वळव. गुडघा धर. हं. आता सोड. मी एकसष्ट वर्षांचा आहे आणि बाबांची उघडी पाठ मी आज पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिली. माझ्यासारखीच आहे. पुसताना एकदा बाबा "अं" म्हणाले, मी विचारलं दुखलं का, म्हणाले, "पाणी गार." दोघंही खिडकीकडे बघत होतो. झाल्यावर चादर नीट केली, हात धुतले, पुन्हा धुतले आणि खुर्चीवर येऊन बसलो. बाबा म्हणाले, "बरं केलंस."

मी खिशात कागद नेला होता. गेले चार दिवस त्यावर बसलो होतो. इथला खर्च, धाकटीच्या घराचं भाडं, महागाई, सगळं धरून किती पुरेल ते. उत्तर सहा वर्षं चार महिने. तीन वेळा तपासलं. दाखवायला नको, असं बायकोने बजावलं होतं. पण मला ते एकट्याने डोक्यात ठेवणं जमेना. म्हटलं, "बाबा, सहा वर्षं चार महिने पुरेल. तुमचं हृदय दहा वर्षांचं आहे. मधली साडेतीन-चार वर्षं उरतात. पैसे संपले की काय करायचं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हे काय विचारतोस, अशा चेहऱ्याने.

"मग तू आहेस की," म्हणाले.

टोमणा असता तर माझ्याकडे उत्तर होतं. गेले तीन महिने मी टोमण्यांच्या उत्तरांवरच जगतोय. पण तो टोमणा नव्हता. उद्या सोमवार आहे हे जसं सांगावं, तसं त्यांनी सांगितलं. म्हणजे पलंगावर डोळे मिटून सगळं ऐकत असतानाही या माणसाने हेच धरून ठेवलं होतं, आणि मी फेब्रुवारीपासून धावत होतो ते नेमकी हीच वेळ माझ्यावर येऊ नये म्हणून. मला लाज वाटली. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही. रडू आलं, ते आवरलं नाही. बाबांनी पाहिलं आणि मान खिडकीकडे वळवली, म्हणजे मला नीट रडता यावं.

थोड्या वेळाने मी "हो" म्हणालो. मीच आहे म्हणालो.

"मग झालं," बाबा म्हणाले, आणि पाणी मागितलं. मी मानेखाली हात घालून पाजलं. थोडं हनुवटीवरून ओघळलं, ते पुसलं.